वाढप्यांची वही

"दे तो डाव इकडे," म्हणत दिलावरने वारसामेच्या हातातून बिर्याणीचा डाव अलगद काढून घेतला आणि त्याच हाताला धरून त्याला पहिल्या थालापाशी नेऊन बसवलं.

"अरे, मला वाढू दे की," वारसामे हसत होता. "बर्बेराच्या बंदरावर माझ्या मामाची खाणावळ होती. दीडशे खलाशांना वाढायचो मी."

"ते बर्बेराला. इथं तू आमचा पाहुणा. पाहुण्यानं बसायचं, पळायचं आम्ही."

दिलावरचं इंग्रजी लँकशायरच्या सूतगिरणीत शिकलेलं होतं, पण त्यात बाणकोटच्या खाडीचं पाणी मुरलेलं होतं. ऐकणाऱ्याला ते गोड लागायचं. वारसामे बसला, त्याने कोटाच्या खिशातून एक केळं काढलं, सोललं आणि बिर्याणीच्या बाजूला ठेवून दोन्हींचा एकच घास केला.

"मास्तर, बघ रे!" दिलावर माझ्याकडे वळून आपल्या बोलीत ओरडला. "बिर्याणीत केळं! हा आमच्या आजीच्या हाती सापडला असता तर तिनं उलथन्यानं बडवला असता."

"तुझी आजी जिलेबीबरोबर सुकट खायची," मी म्हणालो. "आपण कुणाला हसायचं?"

"काय म्हणतोय तो?" वारसामेने मला विचारलं.

"म्हणतोय, अजून मटण घ्या."

त्याला आमची बोली कळत नव्हती, पण आमचे चेहरे कळले आणि तोही मोठ्याने हसला. त्याच्या थालाभोवती आणखी चार सोमाली बसले होते. त्यांची मुलं माडीवरच्या माझ्या वर्गात यायची. आमची कोकणी माणसं बाह्या सरसावून उभी होती. ती सगळ्यांत शेवटी जेवणार होती, उरलेल्या भातावर.

ही १९९८ सालची मौलूदची, म्हणजे पैगंबरांच्या जन्मदिवसाची दावत. लँकशायरमधल्या आमच्या त्या जुन्या गिरणगावात तेव्हा अकरा मशिदी होत्या. गुजरात्यांची घुमटाची, मीरपुरी लोकांच्या चार, सिल्हेटच्या बंगाल्यांची एक न्हाव्याच्या दुकानावर, अशा. आमची म्हणजे दोन घरांमधली भिंत पाडून केलेली. बाहेरून बघणाऱ्याला वाटायचं, इतक्या कशाला? पण प्रत्येक मशिदीला आपापली भाषा होती, आपापलं जेवण होतं, आणि नमाजेची वेळसुद्धा सगळ्यांची एक नव्हती. बाकी बहुतेक सगळे हनफी पंथाचे, आम्ही कोकणी शाफई. दिवस कलताना जी असरची नमाज होते ती आमच्याकडे लवकर आणि त्यांच्याकडे उशिरा. उन्हाळ्यात तर सव्वा तासाचा फरक पडायचा.

वारसामे पहिल्यांदा आमच्या दारात आला तो घड्याळ बघतच. "तुमची असर झाली?" त्याने विचारलं होतं.

"आता उभी राहतेय."

"अल्हम्दुलिल्लाह! सगळं गाव फिरलो. जो तो म्हणतो, अजून तासभर थांब. मला कामावर जायचंय हो."

सोमाली लोक आमच्यासारखेच शाफई. हजारो मैलांवरचे, आमच्याहून हातभर उंच, आणि तरी पहाटेच्या नमाजेत आम्ही ज्या ठिकाणी दुवेसाठी हात उचलतो त्याच ठिकाणी तेही उचलायचे. मला याचं फार अप्रूप वाटायचं. चार वर्षांत त्यांची बारा-तेरा घरं आमच्याकडे येऊ लागली.

गावाकडे मी मराठी शाळेत शिकवत होतो. विलायतेत येऊन बिस्किटांच्या कारखान्यात लागलो, पण संध्याकाळी पाच ते सात हे दोन तास मी कुणाला दिले नाहीत. माडीवरच्या खोलीत मुलांना अरबी अक्षरं, कुराणातल्या सूरा आणि पैगंबरांच्या गोष्टी शिकवायचो. कोकणी मुलं मला 'सर' म्हणायची, सोमाली मुलं 'मअल्लिम'. त्यांच्याकडे शिक्षकाला तसं म्हणतात. वारसामेची होदान नऊ वर्षांची होती. सगळ्यांत पुढे गेलेली, आणि तिचे प्रश्न संपायचे नाहीत.

"मअल्लिम, महापुरात हजरत नूहच्या नावेत मासे होते का?"

"माशांना नाव कशाला लागते?"

"मग त्यांनी पाप केलं असेल तर? ते तर बुडालेच नाहीत."

मला उत्तर सुचायला दोन दिवस लागले. तिच्या शेजारी सात वर्षांची अर्शिया बसायची, आमच्या फकी कुटुंबातली. अर्शियाला अक्षरं लवकर उमजत नसत. होदान तिचं बोट धरून ओळीखालून फिरवायची आणि हळूच पुटपुटायची. मी बघून न बघितल्यासारखं करायचो. असं शिकवणं कुठल्याही मास्तरला जमत नाही.

त्या दावतीनंतरही नेहमीप्रमाणे दिलावरने एक लांबट वही माझ्यापुढे सरकवली. "मास्तर, तुझं अक्षर मोत्यासारखं. लिही, आज वाढायला कोण कोण होतं."

मी घरांची नावं लिहिली. परकार, फकी, हुर्झुक, सरखोत, आणि शेवटी माझं, टिसेकर. चार वर्षं मी ही यादी लिहीत होतो. पुढच्या वेळी कामाच्या पाळ्या लावायला लागत असेल असं वाटायचं. दिलावर जमातीचा चिटणीस होता आणि लहानपणापासूनचा माझा दोस्त. एका होडीतून आम्ही शाळेत गेलो होतो. मला विलायतेत बोलावून घेणारा, पहिली थंडी स्वतःच्या कोटात काढायला लावणारा तोच. त्याने दिलेली वही कशासाठी, हे मी विचारणार होतो थोडाच!

*

सप्टेंबरात अग्निशमन खात्याचा एक माणूस इमारत बघायला आला. माडीवर चढला, मुलं मोजली, खाली उतरला. जिना एकच आहे, म्हणाला, एका वेळी चोवीस मुलांपेक्षा जास्त बसवायची नाहीत. माझ्याकडे एक्केचाळीस होती.

"दोन पाळ्या करू," मी दिलावरला म्हणालो. "पाच ते सव्वासहा, सव्वासहा ते साडेसात. मला जड नाही."

दिलावर चपलांची फळी पुसत होता. "काही लोक म्हणतात, आधी आपली मुलं. आपली बरोबर तेवीस हायत."

"आणि अठरा सोमाली मुलं कुठे जातील? हनफी मदरशांत त्यांना जागा नाही, मी विचारून आलोय. प्रत्येक ठिकाणी यादी लागलीय."

"मी कुठं नाय म्हणतोय? माझ्या एकट्याच्या हातात काय हाय? रविवारी सभा घेऊ. हात वर करून ठरेल ते ठरेल."

"त्यांनाही बोलावू ना?"

दिलावरने फडकं झटकलं. "बोलाव की. सगळ्यांना बोलाव."

मी चार संध्याकाळी सोमाली घरं फिरलो. प्रत्येक घरी वेलचीचा गोड चहा, प्रत्येक घरी तोच प्रश्न. वारसामेची बायको सहरा शाळेत सफाईचं काम करायची. बोलायला ती नवऱ्यापेक्षा धारदार होती.

"मअल्लिम, तिथले लोक आमचं ऐकतील?"

"ऐकायचा प्रश्नच नाही. तुमचे हात वर जातील, ते मोजले जातील. मशीद तुमचीसुद्धा आहे."

"हे तुम्ही म्हणताय की ते म्हणतात?"

"मी म्हणतोय," मी म्हणालो. "माझा शब्द."

वारसामे तिच्यावर थोडा रागावला. "मास्तरांना असं विचारतात का? तिथे आपल्याला पहिल्या थालावर बसवतात. माझ्या स्वतःच्या भावाच्या लग्नात मला तिसऱ्या पंगतीला बसवलं होतं."

मी मनात हिशेब मांडला होता. आमच्यातली तेरा घरं दोन पाळ्यांच्या बाजूची होती. मी एकेकाला विचारलं होतं. एकोणीस विरुद्ध. पण सोमाली तेरा घरं आली की आम्ही सव्वीस. मी निर्धास्त होतो.

*

रविवारी दुपारच्या, जोहरच्या नमाजेनंतर सभा भरली. सोमाली मंडळी ईदला यावं तशी आली होती. वारसामेने इस्त्रीचा सूट घातला होता. सहरा आणि तीन बायका मागच्या पडद्याजवळ बसल्या, मुलं त्यांच्या मांडीशी. होदानने मला हळूच हात केला.

दिलावरने बिस्मिल्ला म्हणून विषय वाचला. दोन-चार जण बोलले. माझी पाळी आल्यावर मी दोन पाळ्यांबद्दल सांगितलं, मुलांनी कुठवर मजल मारलीय तेही सांगितलं. लोकांनी माना डोलवल्या. मग वारसामे उठला. त्याने रात्रभर घोकलं असावं.

"बंधूंनो, आमची मुलं इंग्रजी शाळेत इंग्रज होऊन येतात. आम्ही कामावरून येतो तेव्हा ती झोपलेली असतात. या खोलीत ती आमची राहतात. तुम्ही सांगाल ते काम करू. जिना रुंद करायचा तर आम्ही फोडू. एवढंच."

तो बसला. कोणीतरी "माशाअल्लाह" म्हणालं.

"मतं घेण्याआधी," दिलावर म्हणाला, "जमातीच्या घटनेतलं सातवं कलम वाचतो." ते त्याने आधी आमच्या बोलीत वाचलं, मग इंग्रजीत. ज्या घरचा माणूस जमातीच्या दावतीत वाढायला उभा राहतो, ते घर जमातीचं. मत फक्त त्या घराला.

मला आधी काही कळलंच नाही. मग दिलावरच्या पुढ्यातली वही दिसली.

हा रिवाज मला ठाऊक नव्हता असं नाही. आमच्या गावी बाहेरच्या माणसाला कधीच वाढू देत नसत. त्याला आधी बसवायचं, चांगलं चांगलं त्याच्या पुढ्यात घालायचं आणि सन्मानाने वाटेला लावायचं. जो आधी जेवतो तो परका. जो शेवटी जेवतो तो घरचा. हे मी आईच्या दुधाबरोबर प्यालो होतो. तरी विलायतेत वारसामेला पहिल्या थालावर बसवताना मला वाटत राहिलं की आपण त्याला जवळ घेतोय. एकदा दिलावर नसताना त्याने पाण्याचा जग उचलला होता, तो मीच हसत हसत त्याच्या हातातून घेतला होता.

दिलावरने ती लांबट वही उघडली. "चार वर्षांतल्या सगळ्या दावतींची यादी यात हाय. वाढणारी बत्तीस घरं. त्यात आपले हे भाऊ नायत. त्यांचा मान आमच्या डोक्यावर. ते आमचे पाहुणे."

वारसामे उभा राहिला. "मी वाढायला मागत होतो," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी. तुम्ही माझ्या हातातून डाव काढून घेतलात."

"पाहुण्याला कोण राबवील, भाऊ?"

कोणी हसलं नाही. वारसामे पुढे आला आणि त्याने हात पुढे केला. दिलावरने वही त्याला दिली. त्याने दोन पानं उलटली, तिसऱ्यावर थांबला. नावं मराठीत होती, पण तारखा मी इंग्रजी आकड्यांत घालायचो, आणि सात लिहिताना मधून आडवी रेघ मारायची माझी सवय. त्याच्या मुलीच्या वहीवर रोज तसल्याच तारखा पडायच्या.

"मअल्लिम," तो म्हणाला, "हे तुमचं अक्षर आहे?"

सगळी सभा माझ्याकडे बघत होती. मागून होदानही बघत होती.

"हो," मी म्हणालो. "पण मला..."

त्याने वही मिटली, दोन्ही हातांनी दिलावरला परत दिली आणि मागे वळून आपल्या भाषेत काहीतरी बोलला. ती सगळी मंडळी उठली. कुणी दार आपटलं नाही. चपला घालायला मात्र त्यांना फार वेळ लागला, कारण लहान मुलांचे बूट सापडत नव्हते, आणि तेवढा वेळ आम्ही सगळे खाली माना घालून बसलो.

मग हात वर झाले. तेरा आणि एकोणीस.

*

लोक पांगल्यावर मी दिलावरला स्वयंपाकघरात गाठलं. तो चहाचे कप विसळत होता.

"चार वर्षं," मी म्हणालो. "चार वर्षं माझ्या हातून लिहून घेतलंस."

"तुझं अक्षर चांगलं म्हणून."

"दिलावर!"

त्याने नळ बंद केला. "ऐक सरफू. आपली बत्तीस घरं. आपली पोरं लंडनला पळतायत, गोऱ्या पोरींशी लग्नं करतायत. या लोकांना घरटी सहा-सहा मुलं. दहा वर्षांनी इथं आपली बोली कोण बोलेल? माझ्या बापानं ही भिंत पाडली, विटा मी वाहिल्या. मी राखली नाय तर कोण राखणार? तू आपला शिकवतोस."

"मग मला सांगायचं होतंस. मी त्यांना बोलावलं. मी घरोघरी जाऊन शब्द दिला."

"सांगितलं असतं तर तू लिहिली असतीस यादी?"

मी विसळलेला एक कप उचलून पालथा ठेवला.

"म्हणून नाय सांगितलं," तो म्हणाला. "आणि त्यांना बोलवायला मी नाय म्हटलं नाय, ते पण एवढ्यासाठीच. जे झालं ते त्यांच्या तोंडावर झालं. पाठीमागं सुरी नाय मारली मी."

"त्यांच्या नाही मारलीस," मी म्हणालो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मग कप पुसायला लागला. "चहा घेऊन जा," तो म्हणाला. "थंडी हाय."

त्यानंतर दिलावर अकरा वर्षं जगला. आम्ही सलाम करायचो, जनाज्यात शेजारी उभे राहायचो. आमच्यात बोलणं असं उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी वारसामेच्या घरी गेलो. दार सहराने उघडलं. वारसामे कामावर होता, किंवा ती तसं म्हणाली. तिने मला आत या म्हटलं नाही.

"मला खरंच माहीत नव्हतं," मी म्हणालो. "ती यादी कशासाठी आहे, मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या दोस्ताने मला फसवलं."

तिच्या हाताला साबणाच्या पावडरीचा वास येत होता.

"मअल्लिम, तुम्ही खोटं बोलत नाही, हे मला माहीत आहे," ती म्हणाली. "पण तुम्ही चार वर्षं वाढणाऱ्यांची नावं लिहीत होतात. माझा नवरा चार वर्षं तुमच्यासमोर डाव मागत होता. त्याचं नाव यात का नाही, असं एकदाही मनात आलं नाही?"

"मला वाटलं, तो मान आहे."

"हो. त्यालाही तसंच वाटलं. कारण तुम्ही तिथे होतात." तिने दाराची कडी धरली. "आमच्या लोकांना मी सांगितलं होतं, त्या चिटणिसावर विश्वास ठेवू नका, मअल्लिमवर ठेवा."

"होदानला माझ्याकडे पाठवा. मी माझ्या घरी शिकवीन. सगळ्यांना शिकवीन. वेगळा वर्ग घेईन."

"ती येणार नाही," सहरा म्हणाली. "मी नको म्हटलेलं नाही. ती काल रात्रीच मला म्हणाली."

दार हळूच लागलं.

*

त्या संध्याकाळी पाच वाजता मी माडीवर गेलो. हे शिकवणं सोडावं असं दिवसभर मनात घोळत होतं. जिन्यातच तेवीस मुलांचा गलका ऐकू आला. त्यांनी काय केलं होतं? मी आत गेलो. खोली मोठी झाल्यासारखी दिसत होती. मुलं पसरून बसली होती, काहींनी पाय लांब केले होते, आणि खिडकीजवळचा अख्खा कोपरा रिकामा होता.

"अस्सलामु अलैकुम, सर!"

"वालैकुम अस्सलाम. बसा."

मी हजेरी उघडली. जी नावं वाचायची नव्हती त्यांच्यावरून बोट पुढे नेत एकेक नाव घेतलं. पुस्तकं निघाली. अर्शियाने मात्र पुस्तक उघडलं नव्हतं. ते मांडीवर घेऊन ती बाजूच्या मोकळ्या गालिच्याकडे बघत होती.

"सर, होदान का नाही आली?"

बाकीच्या मुलांची पानं उलटायची थांबली. मोठ्यांना घरी ऐकून काहीबाही ठाऊक असणार. ती माझ्याकडे बघत नव्हती. लहानांना ठाऊक नव्हतं. ती बघत होती. खाली दिलावर व्हॅक्युम लावून गालिचा साफ करत होता, त्याची घरघर वर येत होती. खरं काय ते सात वर्षांच्या मुलीला समजेल अशा चार वाक्यांत सांगणं, एवढंच तर माझं आयुष्यभराचं काम होतं. मला ती वाक्यं सुचलीही. त्यांत तिच्या बापाचा विरोधात वर गेलेला हात होता, आणि माझं अक्षर होतं.

"तिला आता इथे यायला लांब पडतं, बेटा," मी म्हणालो.

अर्शियाने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वहीत मास्तरने चुकीची खूण केली की मूल जसं बघतं, तसं. की यांनाच परत तपासायला सांगावं का, असं.

"पण सर," ती म्हणाली, "ती तर आमच्या शेजारच्या घरात राहते."

मला ते माहीत होतं. आदल्या आठवड्यात मी त्या दोन्ही घरांचे दरवाजे एकापाठोपाठ एक ठोठावले होते.

"पुस्तक उघड," मी म्हणालो.

तिने उघडलं.